वेतोबाची गस्त

आमच्या वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. नवस फेडायला तिथे केळ्यांचा घड वाहतात आणि चामड्याच्या चपला. चपलाही साध्या नाहीत, देवाच्या मापाच्या, चांगल्या थोरल्या. वेतोबा रात्री गावात फिरून राखण करतो आणि त्यापायी या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. माझा भाऊ म्हणतो, कोकणातल्या दमट हवेत चामडं तसंही टिकत नाही. म्हणू दे. मी मुंबई पोलिसांत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि या देवाचं काम मला धंद्याच्या अंगाने कळतं. त्याने चोर किती पकडले, हे गावात कुणी विचारत नाही. तो फिरून जातो, एवढ्यावर माणसं दार ओढून झोपतात.

राजाकडून मागणं याहून कडक होतं. उत्पन्नाचा सहावा हिस्सा त्याने घ्यायचा तो रक्षणाच्या बदल्यात. चोरीला गेलेला माल सापडला नाही तर राजाने तो पदरचा भरून द्यावा, असं कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितलंय. मराठी मुलखात हा भार गावावर यायचा. रामोशी, जागल्या चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचे. माग पुढच्या गावात शिरला की तो त्या गावाच्या हवाली करायचा, नाही तर भरपाई आपल्या गळ्यात. हे कलम आज लागू केलं तर आमचा अर्धा पगार लोकांच्या मोबाईलपायीच जाईल!

पण गेलेला माल निदान मोजता तरी येतो. काहीच गेलेलं नसताना जी भीती वाटते, तिचं काय करायचं?

बीटवर असताना एका आजींचा फोन यायचा, बहुतेक रात्री दीडच्या पुढे. गच्चीवर कुणीतरी चालतंय. बीट मार्शल वैतागायचे. मी एकदा जिना चढून गेले, आजींना बरोबर घेऊन, त्यांच्या गुडघ्यांच्या चालीने. पाण्याच्या टाकीवर निळी ताडपत्री बांधलेली, तिची एक दोरी सुटलेली, आणि वारा आला की तिचं टोक सिमेंटवर पाऊल टाकल्यासारखं आपटत होतं. आजींच्या हातात बॅटरी दिली आणि म्हटलं, तुम्हीच मारा उजेड. त्यांनी बराच वेळ मारला. मग ताडपत्रीला शिवी दिली.

दोरीला साप समजण्याचा दृष्टांत कीर्तनात पुष्कळदा ऐकलाय. साप खोटा, म्हणून बुवा पुढे निघून जातात. मला ते नेहमी घाईचं वाटलं. साप खोटा असला तरी सुटलेला घाम खरा असतो, आणि दुसऱ्याने ‘तिथे काही नाही’ म्हटल्याने तो वाळत नाही. ज्याला भ्यायला झालं त्यानेच उजेडात बघायला हवं. पोलिसाने जिना चढायचा तो त्याला तिथवर न्यायला.

आजींचं सोपं होतं, ताडपत्रीला कुणी हाकलून द्या म्हणत नाही. त्याच भागातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी मात्र बैठकीत म्हणाले, ‘मॅडम, नाक्यावर ती भय्यांची पोरं बसतात, आमच्या मुली क्लासहून येतात, त्यांना तिथून उठवा.’ कुणी काही बोललं का, छेड काढली का? नाही. बसतात, एवढंच. लाठी आपटून दोन मिनिटांत नाका रिकामा झाला असता आणि सोसायटीने आमचं कौतुक केलं असतं.

मी पोरांशी जाऊन बोलले. पाळीपाळीने झोपायची खोली. आतले उठेपर्यंत बाहेरच्यांनी बसायचं कुठे, तर नाक्यावर. पगाराच्या रात्री पुलाखाली दोघांचे पैसे हिसकावलेले. तक्रार का नाही दिली विचारलं, तर एकाने नजर माझ्या वर्दीवरून खाली नेली. ते साप समजत होते ते आम्हाला.

संन्यास घेताना माणूस सर्व भूतांना अभय देतो, माझ्यापासून कुणाला भय नसो असं म्हणतो. पोलिसाला हे कसं जमावं? हातात दंड आहे. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, हेही आपल्याच शास्त्रांनी सांगितलंय आणि ते खोटं नाही. बायकोला मारून वर ‘आमचा घरातला मामला’ म्हणणाऱ्याला माझी भीती वाटायलाच हवी. तिथे मला कुणी सर्व भूतांचं अभय शिकवू नये. पण त्याने काहीतरी केलेलं असतं. नाक्यावरची पोरं नुसती होती. एकाच्या झोपेसाठी दुसऱ्याला त्याच्या असण्याबद्दल भ्यायला लावायचं, याला रक्षण म्हणायला माझी जीभ उचलत नाही, मग लेखी अर्जाखाली कितीही सह्या असोत.

लाठी न आपटताही रक्षण होतं, याचं भिवंडीचं उदाहरण आम्हा जुन्या पोलिसांना ठाऊक आहे. 1970 आणि 1984 च्या दंग्यांनी पोळलेलं गाव. पुढे सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला कमिट्या बसवल्या गेल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस एकत्र बसू लागले, शेजारपाजारची साधी माणसंसुद्धा. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. कौतुक शांततेचं होतं. मला त्या आधीच्या बैठका मोलाच्या वाटतात, जिथे काही घडलेलं नसताना माणसं सतरंजीवर येऊन बसत.

पुढच्या बैठकीला मी त्या पोरांपैकी दोघांना घेऊन गेले. सेक्रेटरींना आवडलं नाही. चहा आला तेव्हा दोघं उभेच होते. एका काकूंनी खुर्ची सरकवली. पुलाखालच्या चोरीचं पोरांनी सांगितलं तशी सगळी बैठक चिडीचूप झाली, कारण मुली क्लासहून त्याच पुलाखालून येत. पुलाखाली दिव्यासाठी वॉर्ड ऑफिसला अर्ज गेला, सेक्रेटरींच्याच अक्षरात. पोरांची पैसे हिसकावल्याची तक्रार मी त्यांना ठाण्यात बसवून नोंदवून घेतली.

सेक्रेटरींचे फोन काही थांबले नाहीत. ‘मॅडम, तो बाराबंकीवाला, हो, तुमचाच तो, पुन्हा मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून बसलाय. सांगा त्याला. माझं तो ऐकत नाही.’