वादातील जय आणि सत्य

जो उत्तम बोलतो तोच खरे बोलतो काय? हा प्रश्न फार जुना आहे. तरी गावच्या चावडीवर, पंचायतीत व मंडळीच्या सभेत तो आजही उभा राहतो. म्हणून, प्रिय वाचकहो, आपण त्याचा थोडा विचार करू.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीस देशातील अथेन्स शहरी सोफिस्ट नावाचे शिक्षक द्रव्य घेऊन तरुणांस वक्तृत्व शिकवीत. तेथे न्यायसभेत ज्याची फिर्याद त्यासच आपली बाजू मांडावी लागे. सबब ह्या विद्येस मोठी मागणी होती. गॉर्गियास हा त्या काळचा नामांकित वक्ता. त्याच्याच नावाच्या संवादात प्लेटोने सॉक्रेटिसाच्या मुखाने असा दृष्टांत दिला आहे की, वैद्य आणि आचारी ह्यांचा वाद मुलांपुढे चालला, तर मुले आचाऱ्यासच जय देतील. कारण उघड आहे: पक्वान्न गोड लागते, औषध कडू लागते.

आपल्या मुलखातील गोष्ट पाहू. विष्णुबावा ब्रह्मचारी (१८२५–१८७१) ह्यांनी तरुणपणी ठाणे जिल्ह्याच्या भागात जकात खात्यात नोकरी केली. पुढे ते संसार सोडून वेदधर्माचा उपदेश करू लागले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांचे व मिशनरींचे जाहीर वाद झाले. जॉर्ज बोएन ह्या अमेरिकन मिशनरीने त्यांचा वृत्तांत त्याच साली इंग्रजीत छापला. बावांच्या पक्षाचे मराठी पुस्तक १८७२ साली निघाले. दोन्ही बाजूंस विद्वत्ता होती, कळकळही होती. परंतु त्या वाळूवर कोणास अधिक शाबासकी मिळाली, एवढ्यावरून सत्याचा निवाडा होत नाही. जकातनाक्यावरचा कारकून गोणीवरची नक्षी पाहून जकात ठरवीत नसे. तो गोणी उघडत असे.

मग वक्तृत्व टाकूनच द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. एखाद्या गरीब कुळाचा दावा खरा असतो; पण कोर्टात त्यास नीट बोलता येत नाही, आणि त्याची जमीन जाते. येथे सत्य असत्यापुढे हरले नाही, मुकेपणामुळे हरले. म्हणूनच ॲरिस्टॉटलाने वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला. सत्य स्वभावतः बलवान असूनही ते हरले, तर तो दोष बोलणाऱ्याचा, असे त्याचे मत होते.

तेव्हा वक्तृत्व हे चाकर आहे. धनी सत्य होय. चाकर धन्याच्या आज्ञेत आहे की नाही, हे ओळखण्याची एक खूण सॉक्रेटिसाने सांगितली आहे: आपली चूक कोणी दाखविली असता त्यास आनंद होई, कारण चुकीपासून सुटणे हा त्यास मोठा लाभ वाटे. जो उपदेशक, पंच किंवा वकील हे मनापासून म्हणू शकतो, त्याच्या जिभेवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. ज्यास केवळ जिंकणेच ठाऊक, त्याचे भाषण कितीही गोड असो, ऐकणाऱ्यांनी गोणी उघडून पाहावी.