चमचे आणि ताटे

आत्मपर निबंध लिहिणे हे वरवर पाहता सर्वांत सोपे काम. विषय शोधावा लागत नाही, ग्रंथ चाळावे लागत नाहीत. आपले आयुष्य आपल्यापाशीच असते. आम्हीही बरीच वर्षे असेच मानीत होतो. पण आपले म्हणून जे आयुष्य आपण सांगतो, त्यात मोठा वाटा इतरांचा असतो आणि त्यांची संमती आपण क्वचितच घेतलेली असते.

मागे आम्ही इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यावर एक लेख लिहिला. त्यात आमच्या आत्याबाई होत्या. चहात साखर घालताना त्या चमचे मोजीत आणि डबा पुन्हा कुलपात ठेवीत. हा तपशील आम्ही चांगलाच खुलविला. घरच्या मंडळींत लेख वाचला तेव्हा हशाही पिकला. थोरली चुलत बहीण, आमची आक्का, तेवढी हसली नाही. म्हणाली, "अरे, चमचे मोजलेस, तेव्हा ताटे किती मांडली जात, ते नाही मोजलेस."

एका पगारावर अकरा माणसे जेवत होती आणि त्या अकरांत आम्हीही होतो. लेखातला एकही शब्द खोटा नव्हता, तरी लेख खोटा होता.

मग इतरांविषयी लिहूच नये काय? नाव गाळून हा प्रश्न सुटत नाही. आपल्या जुन्या वस्त्यांत घरे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. नाव नसले तरी माणूस कळतो. अजिबात गाळावे, तर त्या माणसाविना आपलेही चित्र खोटे उतरते. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली आले, तेव्हा पु. ल. हयात होते. हयात पतीविषयी इतके उघड लिहावे काय, यावर बरीच चर्चा झाली. पण तेथे दुसऱ्या पक्षाला बोलण्याची सोय होती आणि लेखिकेने आपल्या चिकित्सेतून स्वतःला वगळले नव्हते. आमच्या आत्याबाई केव्हाच गेल्या होत्या. मृताविषयी लिहिताना त्याची बाजू मांडण्याचे कामही लिहिणाऱ्याकडेच येते, हे आम्हांस तोवर सुचले नव्हते.

या प्रकाराचा आद्य लेखक मानला जातो तो फ्रान्सचा माँतेन्य. त्याचे निबंध प्रथम १५८० साली छापले गेले. पुढे १५९२ साली मृत्यू येईपर्यंत तो आपल्याच छापील प्रतीच्या समासांत नवा मजकूर लिहीत राहिला. जुने त्याने फारसे खोडले नाही. त्याच्या शेजारी नवे मांडले.

आम्हीही तेच केले. चमच्यांचे वाक्य खोडले नाही. आत्याबाई चमचे मोजीत हे खरेच होते. त्याखाली अकरा ताटे मांडली आणि चोरून साखर खाणारा मुलगा कोण होता, तेही लिहिले. लेख पुन्हा वाचला तेव्हा पहिल्याइतका हशा पिकला नाही. आक्काने मात्र तो मागून घेतला आणि घरी नेला.