स्पर्धक नसलेली निवड

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ असतो. दोन चालींच्या मधल्या ४० सेकंदांत मैदानाबाहेरचा प्रशिक्षक त्याच्या कानात पुढची चाल सांगतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. मग ती चाल सहकाऱ्यांपर्यंत पोचवायची, समोरच्या बचावाची मांडणी ओळखायची आणि खेळायचे, हे सारे एकट्या क्वार्टरबॅकने. त्याच्या कानातला तो आवाज कोणाचा असावा, याहून नाजूक नेमणूक संघात दुसरी नाही. २०२२ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाने ती ज्या रीतीने केली, ती रीत मला आजही अस्वस्थ करते.

बॉस्टनजवळच्या फॉक्सबरोचा हा संघ म्हणजे यशाचे दुसरे नाव होते. मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक आणि क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी यांनी मिळून सहा सुपर बोल, म्हणजे लीगची अजिंक्यपदे, जिंकले. ब्रेडी २०२० मध्ये संघ सोडून गेला. पुढच्याच वर्षी मॅक जोन्स या नवख्या क्वार्टरबॅकने संघाला पुन्हा प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, नेले. त्याला घडवणारे आणि चाली सांगणारे आक्रमण समन्वयक जॉश मॅकडॅनियल्स २०२२ च्या सुरुवातीला लास व्हेगासचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांची जागा रिकामी झाली. बेलिचिक यांनी ती भरलीच नाही. पद कोणालाच दिले नाही, काम मात्र दोघांत वाटून टाकले.

ते दोघे होते मॅट पॅट्रिशिया आणि जो जज. दोघेही बेलिचिक यांच्या हाताखाली तयार झालेले आणि बाहेर मुख्य प्रशिक्षक म्हणून अपयशी ठरून घरी परतलेले. पॅट्रिशिया यांनी डेट्रॉईटमध्ये १३ सामने जिंकले, २९ गमावले. जज यांनी न्यूयॉर्क जायंट्समध्ये १० जिंकले, २३ गमावले. एकदा अपयश आले म्हणून माणूस कायमचा बाद होत नाही, आणि त्यांना पुन्हा काम मिळाले याबद्दल माझी तक्रार नाही. पण पॅट्रिशिया यांचा नावलौकिक बचावाचा होता, जज यांचा किकिंगच्या खेळाचा. आक्रमणाची सूत्रे दोघांनीही कधी सांभाळली नव्हती. पॅट्रिशिया यांच्याकडे तर चाली सांगण्याबरोबर पाच जणांची आक्रमक फळी तयार करण्याचेही काम होते. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की जी थोडी मिनिटे मिळतात, त्यात चाली सांगणाऱ्याने क्वार्टरबॅकशेजारी बसायचे असते. फळीच्या प्रशिक्षकाला त्याच मिनिटांत आपल्या पाच जणांना टॅबलेटवर चुका दाखवायच्या असतात. एका माणसाने यातले काय सोडायचे?

व्हायचे तेच झाले. १ डिसेंबरच्या रात्री बफेलोविरुद्धच्या सामन्यात जोन्स आखूड पासच्या खेळावर वैतागून ओरडताना साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिला. संघ ८ विजय आणि ९ पराभवांवर थांबला. हंगाम संपल्यावर बिल ओब्रायन यांना रीतसर समन्वयकपद देण्यात आले. त्यांच्या हाताखाली जोन्सचा खेळ आणखी खालावला, हे नोंदवायलाच हवे. सारे खापर पॅट्रिशिया यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण नवख्या खेळाडूचे दुसरे वर्ष परत मिळत नाही. त्याच जोन्सने २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोसाठी बदली क्वार्टरबॅक म्हणून ८ सामन्यांत ५ विजय मिळवले, तेव्हा मला त्या वाया गेलेल्या वर्षाची हळहळ वाटली.

ओळखीच्या माणसाला घेण्यात मुळात काही वावगे नाही. बेलिचिक यांचे दोन्ही मुलगे संघाच्या प्रशिक्षकवर्गात होते. त्यांतला थोरला स्टीव्ह बचावाच्या चाली सांगे आणि २०२२ मध्येही तो बचाव भक्कम होता. म्हणजे नात्यातला माणूस नालायकच असतो असे नाही. पण ‘आपला माणूस’ समोर असला की दुसऱ्या कोणाला बोलावून, त्याच्या शेजारी बसवून पाहण्याची गरजच वाटेनाशी होते. तुलना झाली नाही तर त्याला निवड म्हणता येत नाही. आणि पदच दिले नसेल तर काम फसल्यावर जाब विचारायचा कोणाला?

याच वर्तुळातून ब्रायन फ्लोरेस बाहेर आले होते. २०१८ च्या हंगामात त्यांनी पेट्रियट्सच्या बचावाच्या चाली सांगितल्या, सुपर बोलमध्ये प्रतिस्पर्ध्याला ३ गुणांवर रोखले, तरी समन्वयक हे पद त्यांना मिळाले नाही. जज यांना काढल्यावर जायंट्सने त्या जागेसाठी फ्लोरेस यांना मुलाखतीला बोलावले. मुलाखतीआधीच बेलिचिक यांचा अभिनंदनाचा संदेश त्यांच्या फोनवर आला. तो खरे तर दुसऱ्या ब्रायनसाठी, म्हणजे पुढे निवडल्या गेलेल्या डॅबॉल यांच्यासाठी होता. फ्लोरेस यांनी २०२२ च्या फेब्रुवारीत लीगवर वांशिक भेदभावाचा दावा लावला, त्यात हे संदेश जोडले आहेत. आपली मुलाखत केवळ देखाव्याची होती हा त्यांचा आरोप जायंट्सने फेटाळला. पण तो संदेश वाचल्यावर त्या खोलीत जाऊन उत्तरे देणाऱ्या माणसाच्या मनाची कल्पना करून पाहावी.

२०२४ च्या जानेवारीत बेलिचिक संघापासून वेगळे झाले आणि दुसऱ्याच दिवशी जेरॉड मेयो मुख्य प्रशिक्षक झाले. मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी उत्तराधिकाराची तरतूद मेयो यांच्या करारात आधीच करून ठेवली होती. २००३ पासूनच्या रूनी नियमानुसार संघांना कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य उमेदवारांच्या मुलाखती घ्याव्या लागतात. लेखी उत्तराधिकार असेल तर त्यातून सूट मिळते. मेयो संघाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, म्हणून नियमाचा हेतू साधला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मेयो या संघाचे उत्तम लाइनबॅकर, म्हणजे बचावातले खेळाडू, होते, खेळाडूंचे लाडके होते, पण समन्वयकपद त्यांनी एकदाही सांभाळले नव्हते. चार बाहेरच्या उमेदवारांसमोर ते उभे राहिले असते, तर कदाचित तेच निवडले गेले असते, आणि मग त्यांच्यामागे त्या निवडीचे बळ असते. किंवा आणखी दोन वर्षे थांबा, असे त्यांना कोणी सांगितले असते. यातले काहीच झाले नाही. ४ विजय, १३ पराभव, आणि शेवटचा सामना जिंकल्यावर काही वेळातच हकालपट्टी. आपणच मेयो यांना अवघड जागी लोटले, हे क्राफ्ट यांनी नंतर उघडपणे मान्य केले. तो प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो, पण नोकरी मेयो यांची गेली.

मेयो यांच्या जागी माइक व्राबेल आले. तेही याच संघाचे जुने खेळाडू, पण टेनेसीत सहा हंगाम मुख्य प्रशिक्षक राहून पोळलेले आणि शिकलेले. त्यांच्या पहिल्याच हंगामात संघाने १७ पैकी १४ सामने जिंकले. निवड अचूक ठरली यात शंका नाही. मात्र त्या वेळी रूनी नियमासाठी मुलाखती झाल्या त्या पेप हॅमिल्टन आणि बायरन लेफ्टविच यांच्या. दोघेही तेव्हा एनएफएलमध्ये काम करत नव्हते आणि जागा व्राबेल यांनाच मिळणार अशी चर्चा सगळीकडे होती. अमेरिकेतल्या क्रीडापत्रकारांनी तेव्हाच त्यावर सडकून टीका केली. त्या दोघांचा खरोखर विचार झाला होता का, हा प्रश्न १४ विजयांनी मिटत नाही. त्याचे उत्तर क्राफ्ट यांनी द्यायला हवे.