ऐकिले ते पुढे सांगावे काय?

परमार्थमार्गावरील साधकाने असत्य बोलू नये, याविषयी कोणाचेच दुमत नाही. परंतु जे आपण रचले नाही, दुसऱ्याकडून आले तसेच पुढे दिले, ते असत्य निघाल्यास त्याचा दोष कोणाकडे जातो? हा प्रश्न जुनाच आहे. हल्ली प्रत्येकाच्या हाती मोबाइल आल्यामुळे तो घरोघरचा झाला आहे, इतकेच.

देऊळगाव राजा येथील एका उपदेशी सद्भक्ताने मध्यंतरी हाच प्रश्न केला. एका रात्री त्यांच्या मोबाइलवर एका देवस्थानाच्या विटंबनेचे छायाचित्र आले. खाली एका समाजावर आरोप होता आणि ‘धर्माभिमान असेल तर पुढे पाठवा’ असे आवाहन होते. त्यांनी ते तीन समूहांत पाठविले. सकाळी कळले की छायाचित्र अनेक वर्षांपूर्वीचे व परप्रांतातील आहे, आणि पडझड पुराने झाली होती. त्यांनी संदेश पुसून टाकला. परंतु त्या तिहींपैकी एक समूह बाजारपेठेतील व्यापाऱ्यांचा होता व त्यात त्या समाजाचा त्यांचा शेजारीही होता. “तो काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून त्याने मान वर करून पाहिले नाही. मी खोटे बोललो काय?” असे त्यांनी विचारले. बालाजी महाराजांच्या यात्रेत ज्या गावी सर्व जातिधर्मांची दुकाने शेजारी शेजारी लागतात, तेथला हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्याचा अधिकार आपणांस विशेष आहे, कारण ऐकीव वार्तेचा दाह आपल्या पंथाने शतकानुशतके सोसला आहे. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण महाराष्ट्रात रूढ झाली, ती किती जणांनी महानुभावांचे आचरण पाहून उच्चारली असेल? इ. स. १९१६ मध्ये रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही आपल्या पंथाचा उगम सांगताना कोणा कृष्णभट्टाची दंतकथा आली. लोक सांगत आले म्हणून ती लिहिली गेली आणि छापली गेली म्हणून खरी मानली गेली. आपल्या पोथ्या सकळादी सांकेतिक लिप्यांत असल्याने बाहेरच्यास मूळ पाहता येत नव्हते, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, पुढे ग्रंथ छापले गेले, आणि मूळ वाचणाऱ्यांपुढे ती दंतकथा टिकली नाही. मात्र तोवर किती पिढ्यांनी अपमान गिळला, याची गणती कोण करील?

पारख कशी करावी, याचा धडाही आपल्याच घरात आहे. श्रीचक्रधरप्रभूंचे उत्तरापंथे गमन झाल्यावर ऋद्धपुरी श्रीनागदेवाचार्यांच्या सान्निध्यात म्हाइंभटांनी लीळांचे संकलन आरंभिले. शके १२०० च्या सुमाराचा हा काळ. म्हाइंभट श्रद्धावान होते, विद्वानही होते. मनात आणते तर ऐकलेल्या कथा सुंदर भाषेत गुंफणे त्यांना अवघड नव्हते. परंतु जी लीळा ज्याच्या समक्ष घडली त्याला गाठावे, त्याच्याकडून ती ऐकावी आणि आचार्यांकडून पडताळून घ्यावी, हा क्रम त्यांनी पत्करला. पुढे धाडीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली व शिष्यपरंपरेने लीळा स्मरणातून पुन्हा लिहिल्या. एकाचे स्मरण दुसऱ्याशी सर्वत्र जुळेना. तेव्हा भेद लपविले गेले नाहीत. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास अशा नावांनिशी पाठ जपले गेले. प्रत्यक्ष परमेश्वरावताराच्या चरित्राविषयी पूर्वजांनी ‘हे कोणी सांगितले?’ असे विचारले आणि त्याने त्यांच्या श्रद्धेस बाध आला नाही. मग अज्ञाताने धाडलेल्या संदेशाविषयी तसे विचारल्याने आपली श्रद्धा कशी उणावेल? श्रद्धेचा विषय परमेश्वर आहे. संदेश धाडणारा कोण हेच जेथे ठाऊक नाही, तेथे श्रद्धेचा संबंध येत नाही.

दृष्टांतपाठातील जात्यंध व हत्ती यांचा दृष्टांत सर्वांस परिचित आहे. त्यातील एकही अंध लबाड नव्हता. हातास जे लागले तेच प्रत्येकाने सांगितले. चूक झाली ती एका अवयवालाच हत्ती म्हणण्यात. छायाचित्र खरे असूनही वार्ता खोटी असू शकते, ती अशीच. चित्र खरे, पण गाव दुसरे, वर्ष दुसरे, कारण दुसरे. म्हणून ‘डोळ्यांनी पाहिले’ एवढे म्हणून भागत नाही. काय पाहिले आणि त्यावरून काय अनुमान केले, हे वेगळे करावे लागते.

याकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. दि. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. आपले भिक्षुकही अटन करीत अनोळखी गावी भिक्षेस जातात, हे वाचकांनी क्षणभर मनात आणावे. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल अशी मर्यादा घातली. दि. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशाच जमावाच्या हातून मारले गेले. मागोमाग त्या हत्येस धर्मद्वेषाचा रंग देणारी दुसरी अफवा उठली, आणि अटक झालेल्या १०१ जणांची नावेच राज्य शासनाला प्रसिद्ध करावी लागली. पहिल्या अफवेने माणसे मारली. दुसरी त्याच रक्तातून आणखी वैर उपजवू पाहत होती.

कोणी म्हणेल, पडताळीत बसलो आणि वार्ता खरी निघाली, तर धर्मावरील संकटात आपण मौन धरले असे होईल. हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु संकट खरे असेल तर ते निवारू शकणाऱ्यास, म्हणजे त्या स्थानाच्या महंतांस, पोलिसांस, तेथील परिचितास, सरळ कळवावे. ते मौन होत नाही. ज्यांच्या हाती निवारण नाही अशा शेकडो जणांस कळविल्याने हाती येतो तो केवळ क्षोभ.

आपल्या पंथाची थोरवी गाणारा संदेशही याच कसाला लावावा. विरोधकाच्या वार्तेवर आपण सहज शंका घेतो, स्वपक्षाच्या वार्तेवर घेत नाही. फसगत तेथेच होते.

त्या सद्भक्तास दिलेले उत्तर असे: आपण असत्य रचले नाही, परंतु त्यास आपले नाव दिले. शेजाऱ्याने विश्वास ठेवला तो आपल्या नावावर, आणि दुखावला तोही त्यामुळेच. कायेने होते तशी हिंसा वाचेनेही होते, आणि आता बोटानेही होते. संदेश पुसल्याने ती पुसली जात नाही. ज्या तीन समूहांत खोटे गेले, त्या तिन्हींत ‘मी चुकलो’ हे लिहावे, आणि शेजाऱ्याच्या दुकानी स्वतः जावे.

ते गेले. शेजाऱ्याने बसावयास सांगितले, एवढेच त्यांनी येऊन कळविले.

दंडवत प्रणाम.