तीन फूट पाणी

एका रेजिमेंटमध्ये एक पोरगा होता. गव्हाच्या शेतांत वाढलेला, वय एकोणीस. फौजेत येईपर्यंत त्याने समुद्र पाहिला नव्हता. १९४३ साल होतं. त्याची रेजिमेंट, अमेरिकेची दुसरी मरीन, न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या आसपास मुक्कामाला होती. पुढे कुठे जायचं आहे हे पोराला ठाऊक नव्हतं.

ज्यांना ठाऊक होतं, ते नकाशे पसरून बसले होते. प्रशांत महासागरात गिल्बर्ट बेटांमध्ये टारावा नावाचं प्रवाळांचं कंकण आहे. त्याच्या टोकाला बेटिओ नावाचं चिमुकलं बेट. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला तासही लागू नये, एवढंच. जपान्यांनी तिथे धावपट्टी बांधली होती. किनाऱ्याभोवती तोफा रोवल्या होत्या, नारळाच्या ओंडक्यांची भिंत घातली होती. मूळच्या रहिवाशांना त्यांनी आधीच तिथून हलवलं होतं. त्या पाण्यातून रोज पायी ये-जा करणारी माणसंच बेटावर उरली नव्हती.

अडचण तोफांइतकीच पाण्याचीही होती. किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरहून दूर प्रवाळाचा कट्टा होता. सैनिकांच्या होड्यांना तरंगायला साडेतीन-चार फूट पाणी हवं होतं. भरतीच्या वेळी कट्ट्यावर किती पाणी असेल? खात्रीचं कोष्टक कुणाकडे नव्हतं. म्हणून त्या बाजूला पूर्वी राहिलेल्या, जहाजं हाकलेल्या माणसांना बोलावून विचारलं. बहुतेकांनी सांगितलं, पाच फूट मिळेल.

त्यांच्यात न्यूझीलंडचा एक मेजर होता. पंधरा वर्षं तो त्या बेटांवर राहिला होता. ठरलेली तारीख ऐकून तो घाबरून गेला. त्या दिवसांत तिथलं पाणी लपंडाव खेळतं, तीन फूटसुद्धा मिळणार नाही, असं त्याने सांगितलं.

आपल्या कोकणात ही गोष्ट कोळ्यांच्या पोरांनाही ठाऊक असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. भांगाच्या दिवशी पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, आहे तिथेच घुटमळतं. हल्ल्याचा दिवस ठरला होता २० नोव्हेंबर. आपल्या पंचांगाने वद्य अष्टमी. त्यात चंद्रही पृथ्वीपासून लांब गेलेला. हे गणित अभ्यासकांनी नीट मांडलं ते चाळीसेक वर्षांनी.

मेजरचं बोलणं कुणी उडवून लावलं नाही, हेही सांगायला हवं. डिव्हिजनच्या सेनापतीने आपल्या माणसांना बजावलं होतं की पाण्यातून चालत जावं लागण्याचा संभव निम्मा आहे. प्रवाळावर चढून जाणाऱ्या, साखळीच्या चाकांच्या गाड्याही जमवल्या गेल्या. त्या भरल्या सव्वाशे. पहिल्या तीन लाटा त्यांतून जाणार होत्या. मागच्यांसाठी होड्या होत्या, आणि निम्मा संभव होता.

पोरगा मागच्यांत होता.

त्या पहाटे जहाजांच्या तोफा सुरू झाल्या. बेट धुळीने आणि धुराने झाकून गेलं. तिथे आता मुंगीही उरली नसेल, असं पोराला वाटलं. नऊ वाजून गेल्यावर पहिल्या गाड्या कट्टा ओलांडून किनाऱ्याला लागल्या. तेव्हा धुराच्या आतून मशीनगनी बोलू लागल्या. बेटावरची माणसं जिवंत होती.

पोराची होडी कट्ट्यापाशी आली आणि तळ खरवडत थांबली. होडीवाल्याने मागे घेऊन पुन्हा रेटा दिला. पुन्हा तोच खरखराट. मग पुढची फळी खाली पडली आणि उतरायचा हुकूम झाला.

काही जण खोल खड्ड्यात पडले. पाठीवरच्या ओझ्याने ते वर आलेच नाहीत. पोराच्या पायाला प्रवाळ लागलं. बंदूक डोक्यावर धरून तो चालू लागला. पाणी छातीला होतं, मग कमरेला, मग एकदम गळ्याला. पाणी जितकं उथळ, तितकं अंग उघडं. खोल जागा आली की त्याला बरं वाटायचं.

शेजारून एक वयाने मोठा कॉर्पोरल चालला होता. तो म्हणाला, "खाली बघू नकोस. ती भिंत बघ."

पोराने भिंतीकडे नजर लावली आणि पावलं मोजायला घेतली. घरी नांगराची तासं मोजायचा, तशीच. दोनशे झाली. तीनशे झाली. चारशेच्या पुढे त्याने शेजारी पाहिलं, तर कॉर्पोरल नव्हता. पाण्याचा रंग बदलला होता. पोराने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मोजणी चुकली होती, म्हणून त्याने एकपासून सुरुवात केली.

बाजूला एक लांब धक्का समुद्रात आला होता. त्याच्या खांबांआड माणसं गळ्याइतक्या पाण्यात दबून बसली होती. त्यांचा कर्नल, डेव्हिड शूप, पायाला जखम झालेली असताना तिथेच पाण्यात उभा राहून हुकूम देत होता. त्याचा एक बटालियन-प्रमुख पाण्यातच पडला होता. पोरगा खांबाखांबाने सरकत गेला आणि कधीतरी ओंडक्यांच्या भिंतीला त्याचा हात लागला.

दिवसभर भरतीची वाट पाहिली गेली. पाणी घुटमळत राहिलं. संध्याकाळपर्यंत सुमारे पाच हजार माणसं बेटाला लागली होती. त्यांतली दीड हजार मेली होती किंवा जखमी होती. उरलेली काही पावलं रुंदीच्या वाळूवर भिंतीला चिकटून बसली होती. रात्री मोठा हल्ला होईल या धाकाने कुणी झोपलं नाही. तो हल्ला आला नाही. जपान्यांच्या तारा तुटल्या होत्या, संदेश पोहोचत नव्हते.

लढाई आणखी तीन दिवसांत संपली. अमेरिकेची सुमारे एक हजार माणसं गेली. बेटावर जवळपास पाच हजार लोक होते. त्यांतले सतरा जपानी सैनिक आणि एकशे एकोणतीस कोरियन मजूर जिवंत सापडले. ते मजूर दुसऱ्याच्या युद्धात आणून राबवलेले होते. त्यांना तर कुणी काहीच विचारलं नव्हतं.

पाच फूट म्हणणारे खोटं बोलत नव्हते. उधाणाच्या दिवसांत तेवढं पाणी मिळतही असेल. पण पाचाचा आकडा ठरलेल्या तारखेला सोयीचा होता आणि तिनाचा अडचणीचा. पंधरा वर्षं पाण्याकडे पाहत आलेल्या एका माणसाचं म्हणणं निम्मं ऐकलं गेलं. उरलेलं निम्मं गव्हाच्या शेतातल्या पोराला आपल्या पायांनी मोजावं लागलं.

पोरगा वाचला. सहा-सात महिन्यांनी त्याची डिव्हिजन सायपान नावाच्या बेटाकडे निघाली. तिथेही प्रवाळाचा कट्टा होता. पण या वेळी हल्ल्याच्या आदल्या दिवशी, १४ जून १९४४ला, आरमाराचे काही पोहणारे पाण्यात उतरले. अंगावर पोहण्याच्या चड्ड्या. किनाऱ्यावरून गोळ्या येत होत्या. त्यांच्याजवळ गाठी मारलेली दोरी होती, आणि पायापासून छातीपर्यंत अंगावर फुटाफुटाच्या अंतराने काळे पट्टे रंगवलेले होते. ते कट्ट्यावर उभे राहत, पाणी कितव्या पट्ट्याला लागतंय ते पाहत आणि पुढे पोहत जात.