टाळ्यांचे ऋण

एखादा गायक लोकप्रिय समूह सोडून एकटा उभा राहतो तेव्हा त्या निर्णयाची चर्चा बहुधा दोनच भाषांत होते. एक भाषा व्यवहाराची : त्याच्या नव्या ध्वनिमुद्रिका खपल्या की नाहीत. दुसरी भावनेची : ज्यांनी त्याला मोठे केले त्यांना तो विसरला की काय. या दुसऱ्या भाषेत एक नैतिक गृहीतक दडलेले असते आणि ते क्वचितच तपासले जाते. कौतुकामुळे गायक श्रोत्यांचा ऋणी होतो, आणि हे ऋण ज्या नाण्यात मिळाले त्याच नाण्यात, म्हणजे त्याच जातीच्या गाण्यांत, फेडले पाहिजे, असे ते गृहीतक. स्कॉट वॉकर या नावाने ओळखल्या गेलेल्या गायकाची कारकीर्द या गृहीतकाची परीक्षा घेण्यास विशेष उपयोगी आहे. त्याने हे ऋण एकदा नाकारले, मग काही वर्षे निमूटपणे फेडले, आणि नंतर पुन्हा नाकारले. यांपैकी अपराध कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

मूळ नाव नोएल स्कॉट एंगेल. जन्म ९ जानेवारी १९४३, अमेरिकेतील ओहायो राज्यात. जॉन मॉस आणि गॅरी लीड्स या दोन सहकाऱ्यांसह तो १९६५ साली लंडनला आला आणि ‘वॉकर ब्रदर्स’ या नावाने हे तिघे पाहता पाहता प्रसिद्ध झाले. तिघांत कोणी कोणाचा भाऊ नव्हता. वॉकर हे कोणाचेच जन्मनाव नव्हते. ते नाव जॉनने आधीच स्वतःसाठी घेतलेले होते आणि आरंभी मुख्य गायकही तोच होता. ‘लव्ह हर’ या गाण्याला खालच्या पट्टीतला आवाज हवा होता, म्हणून बास गिटार वाजविणाऱ्या स्कॉटला पुढे करण्यात आले. आणि तो पुढेच राहिला. ‘मेक इट ईझी ऑन युवरसेल्फ’ (१९६५) आणि ‘द सन एन्ट गॉना शाइन एनीमोअर’ (१९६६) ही दोन्ही गाणी ब्रिटनमध्ये लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. दोन्ही इतरांनी लिहिलेली होती. म्हणजे नाव दुसऱ्याचे आणि शब्द व चालही दुसऱ्यांच्या. त्या यशात स्कॉटचा स्वतःचा असा भाग म्हणजे त्याचा खर्जाकडे झुकणारा, भरीव, किंचित थकल्यासारखा आवाज.

टाळ्यांचे रूपांतर लवकरच किंकाळ्यांत झाले. कार्यक्रमात गाणे ऐकूच येत नसे. १९६६ मध्ये तो ग्रेगोरियन गायनाचा अभ्यास करण्यासाठी आइल ऑफ वाइट या बेटावरील क्वार मठात जाऊन राहिला, तर चाहत्यांनी तेथेही त्याचा माग काढला. १९६७ साली समूह मोडला. त्या अखेरच्या दौऱ्यात त्यांच्याबरोबर जिमी हेंड्रिक्सही होता, हा योगायोग बोलका आहे : एक काळ संपत होता आणि त्याच रंगमंचावर दुसरा गिटार पेटवीत होता.

समूह सोडणाऱ्याचे पहिले ऋण श्रोत्यांचे नसते, सहकाऱ्यांचे असते. जॉनने आपले घेतलेले नाव वाटून दिले, आपली जागाही दिली. ते नाव घेऊन स्कॉट मात्र जन्मभर वावरला. येथे निवाडा करण्याचा मोह टाळणे बरे. समूह हा करार असतो तसा सहवासही असतो. करार मोडल्याची भरपाई ठरविता येते, सहवास संपल्याची नाही. शिवाय तिघे १९७५ मध्ये पुन्हा एकत्र आले, त्यामुळे सोडून जाण्याचा अर्थ त्यांच्यापुरता तरी अंतिम नव्हता.

एकट्याने काढलेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांना श्रोत्यांनी साथ दिली. बेल्जियन गीतकार जाक ब्रेल याची वेश्या, खलाशी आणि मृत्यू यांच्याविषयीची गाणी तो इंग्रजीत गाऊ लागला. त्यांतले ‘जॅकी’ बीबीसीने प्रसारित करण्याचे नाकारले, तरी ‘स्कॉट २’ ही ध्वनिमुद्रिका १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. मग १९६९ च्या अखेरीस ‘स्कॉट ४’ आली. तिच्यातील सर्व गाणी त्याची स्वतःची होती. एक बर्गमनच्या ‘द सेव्हन्थ सील’ या चित्रपटावर, एक ‘नवस्टालिनवादी राजवटीस’ अर्पण केलेले. वेष्टणावर काम्यूचे अवतरण होते. आणि गायकाचे नाव होते नोएल स्कॉट एंगेल. ती यादीत कोठेच आली नाही. पुढच्या आवृत्त्यांवर ‘स्कॉट वॉकर’ हे नाव परत बसविण्यात आले.

संतकाव्याच्या अभ्यासकाला नाममुद्रेचा हा पेच परका नाही. ‘नामा’ या एकाच मुद्रेखाली एकाहून अधिक कवींच्या रचना मिसळल्या, त्या अजूनही पुरत्या वेगळ्या करता आलेल्या नाहीत. परंतु तेथे मुद्रा ही शरणागतीची खूण होती. येथे ती मालाची खूण झालेली होती. श्रोते आवाजावर प्रेम करतात असे ते स्वतः मानीत होते. तोच आवाज दुसऱ्या, आणि खऱ्या, नावाखाली समोर आला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. अपयशाचे कारण केवळ नाव असेल असे नाही, गाणीही अवघड होती. तथापि, ज्यांच्या ऋणाची गोष्ट केली जाते त्यांनी नक्की काय दिले होते आणि कोणाला, हा प्रश्न येथे उभा राहतो.

यानंतरची चार-पाच वर्षे या कारकिर्दीतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे, आणि चाहते नेमका तोच ओलांडून जातात. १९७० च्या ध्वनिमुद्रिकेत शेवटची पाच गाणी इतरांची आहेत, आणि तेथून १९७८ पर्यंत त्याने लिहिलेले एकही नवे गाणे प्रसिद्ध झाले नाही. कंपनीला आणि व्यवस्थापकांना खपणारे गाणे हवे होते. त्याने चित्रपटगीते गायली, अमेरिकन ग्रामीण ढंगाची गाणी गायली. गळा शाबूत होता, वाद्यवृंद नेटका होता, कोणाची तक्रार नव्हती. पुढे मुलाखतीत स्वतः स्कॉटनेच या काळाला जी संज्ञा लावली ती सार्त्रच्या परिभाषेतली आहे. मराठीत तिला आत्मवंचना म्हणता येईल. (सार्त्रचा तो ग्रंथ १९४३ चा, स्कॉटच्याच वयाचा.) सार्त्रने तेथे कॅफेतील एका वेटरचे उदाहरण घेतले आहे. त्याच्या हालचाली जरा जास्तच चपळ, अदब जरा जास्तच बेतलेली. तो वेटर असल्याची भूमिका करतो आणि ती भूमिका म्हणजेच आपण, अशी स्वतःची समजूत घालतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. १९७३ साली ज्या बाईने ती ध्वनिमुद्रिका विकत घेतली आणि संध्याकाळी घरी ऐकली, तिचे काय नुकसान झाले? तिला आवाज हवा होता, तो मिळाला. फसवणूक व्हायची तर फसणारा हवा. शिवाय इतरांची गाणी गाणे यात मुळात खोटे काही नाही. ब्रेलची गाणीही इतराचीच होती आणि ती स्कॉटच्या सर्वांत सच्च्या गाण्यांत मोडतात. म्हणजे दोष परक्या शब्दांत नव्हता, दोष हेतूत होता. ब्रेलची गाणी त्याने म्हटली ती त्या शब्दांशिवाय राहवेना म्हणून. नंतरची म्हटली ती जागा जाऊ नये म्हणून. ऐकणाऱ्याला हा फरक सांगता येईलच असे नाही. परंतु जो फरक ऐकू येत नाही तो नैतिक नसतो, असे म्हणणे म्हणजे न सापडलेल्या चोरीला चोरी न म्हणण्यासारखे आहे. त्या बाईचे नुकसान एवढेच, की तिच्याशी कोणी बोलत नव्हते आणि बोलत असल्याचा भास होता.

ऋण या कल्पनेचा आपल्याकडील विचार येथे उपयोगी पडतो. धर्मशास्त्राने सांगितलेल्या तीन ऋणांची फेड मूळ धनकोला त्याच रूपात करावयाची नसते. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने, आणि पितरांचे संततीने. बापाचे देणे मुलाला दिले जाते. म्हणजे घेतलेले तसेच्या तसे परत करणे ही फेडीची सर्वांत ओबडधोबड रीत ठरते. त्या न्यायाने, श्रोत्यांनी वॉकर ब्रदर्सना दिलेल्या अवधानाची फेड, ज्याला अवधान द्यावे असे काही निर्माण करून होऊ शकते, मग ते ऐकणारे दुसरेच कोणी असोत. अर्थात या युक्तिवादाचा गैरवापरही सोपा आहे. नातवंडांची सोय केली असे सांगत उपाशी बापाकडे पाठ फिरविणारे मुलगेही असतात.

ती फेड सुरू झाली ती समूह सोडल्यावर नव्हे, समूहात परतल्यावर. पुनर्मीलनानंतरचे ‘नो रिग्रेट्स’ १९७६ मध्ये गाजले, पुढे उतरण लागली, आणि १९७८ मध्ये कंपनीच बंद पडण्याच्या वाटेवर असताना तिघांना हवे ते करण्याची मोकळीक मिळाली. ‘नाइट फ्लाइट्स’ या ध्वनिमुद्रिकेतील पहिली चार गाणी स्कॉटची आहेत. एकाकी कलावंत आणि त्याला जखडणारा समूह, हे रोमँटिक समीकरण येथे उलटते : तो मोकळा झाला तो दोन जुन्या सहकाऱ्यांच्या आडोशाला, कोणाचीच अपेक्षा उरली नव्हती तेव्हा.

त्या चारांतले ‘द इलेक्ट्रिशियन’ छळछावणीतल्या वीज देणाऱ्या माणसाच्या तोंडचे आहे. त्यामागे दक्षिण अमेरिकेतील यातनागृहे आणि त्यांतला अमेरिकेचा हात होता. विलक्षण गोष्ट अशी, की हे तो जुन्याच मखमली आवाजात गातो, आणि मध्येच तंतुवाद्ये अशी फुलून येतात की जणू प्रेमगीतच चालू आहे. ज्या गोडव्यावर दहा वर्षांपूर्वी लोक भाळले, तोच गोडवा आता छळणाऱ्याच्या मुखातून येतो, आणि भाळण्याची सवय असलेला श्रोता क्षणभर त्यालाही भाळतो. श्रोत्यांच्या प्रेमाचा याहून गंभीर उपयोग कोणा लोकप्रिय गायकाने क्वचितच केला असेल. ते गाणे खपले नाही.

पुढे ‘क्लायमेट ऑफ हंटर’ (१९८४), ‘टिल्ट’ (१९९५), ‘द ड्रिफ्ट’ (२००६), दर खेपेस अकरा वर्षांचे अंतर. पासोलिनी, मुसोलिनीबरोबर मारली गेलेली क्लारा पेताच्ची, एल्व्हिस प्रेस्लीचा जन्मतःच मृत असलेला जुळा भाऊ, हे त्याचे विषय. ‘क्लारा’साठी वादकाने मांसाच्या मोठ्या तुकड्यावर मुठी आपटून ताल दिला. आवाजही बदलला, तो खर्ज सोडून ताणलेल्या, जवळजवळ भेदरलेल्या उंचीवर गाऊ लागला. एके काळी त्याचे म्हणावे असे एकच होते, तेही त्याने ठेवून दिले. दुर्बोधतेचा आरोप झालाच. मर्ढेकरांच्या कवितेपासून मराठी वाचकाला या आरोपाची दोन्ही टोके ठाऊक आहेत. वॉकरच्या बाबतीत तो सर्वस्वी खोटा नाही. काही रचनांत भीती ही अनुभव न राहता सवय झाल्यासारखी वाटते.

२००८ साली लंडनच्या बार्बिकन केंद्रात त्याच्या उत्तरकालीन रचनांचा प्रयोग झाला. गायले इतरांनी, तो ध्वनिनियंत्रणापाशी बसला होता. २५ जुलै २०१७ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात मोठ्या वाद्यवृंदासह चार गायकांनी त्याची जुनी गाणी गायली. २२ मार्च २०१९ रोजी तो वारला. प्रॉम्सच्या त्या कार्यक्रमासाठी १९६७ ते १९७० एवढाच काळ घेतलेला होता. ज्या ‘स्कॉट ४’कडे कोणी वळून पाहिले नव्हते तिच्यातील गाणी त्यात होती. लोकांना आवडावे म्हणून गायलेल्या पुढच्या चार-पाच वर्षांतले एकही नव्हते.