सत्य सरळ असावे, शब्द मृदू असावा



मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडेजवळ, इंद्रायणीच्या काठी वराळे हे गाव आहे. तळेगाव परिसरातील कारखान्यांत नोकरीला लागलेली अनेक कुटुंबे या भागात येऊन स्थिरावली आहेत. त्यांपैकीच एका परिचित घरी मागच्या हिवाळ्यात जाण्याचा योग आला. घरातील मुलीचा निकाह ठरला होता, परंतु घरात लग्नाची लगबग दिसत नव्हती. मुलीची आई बोलता बोलता डोळे पुसत होती आणि वडील गप्प बसून होते. मुलीचे थोरले चुलते, ज्यांना सारी मुले ‘बडे अब्बा’ म्हणतात, ते तीन आठवडे या घराची पायरी चढले नव्हते.

घडले ते असे. हे स्थळ बडे अब्बांनीच आणले होते. बोलणी करताना वरपक्षाने ‘आम्हाला काही नको’ असे म्हणत म्हणत एक मोटारसायकल, कपाट आणि भांडीकुंडी यांची यादी पुढे केली आणि बडे अब्बांनी ती मान्य केली. मुलीचा धाकटा भाऊ कारखान्यात नोकरी करतो, नमाजचा पाबंद आहे, वाचन करतो. त्याला हे सहन झाले नाही. त्याने घरातल्या सर्वांच्या मोबाईलवर एकाच वेळी पोहोचेल असा मजकूर लिहिला. पाच वेळा नमाज पढून मुलींचा सौदा करणारे लोक मुनाफिक आहेत, असा त्याचा आशय होता. नाव कोणाचेच नव्हते, पण ते कोणाला उद्देशून आहे हे सर्वांना कळले. पन्नास-साठ नातलगांनी तो वाचला. त्यात बडे अब्बांचे जावई होते, सुना होत्या, नातवंडेही होती.

त्या तरुणाने मला थेट प्रश्न केला, “मौलाना, मी खोटे काय लिहिले ते सांगा. हुंडा चुकीचा नाही का? मग खरे बोलायलाही घाबरायचे का?”

वाचकहो, हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. आज घरोघरी, जमातीच्या बैठकीत, मशिदीच्या आवारात तो उभा आहे. खरे बोलावे तर माणसे तुटतात आणि माणसे सांभाळावीत तर सत्य गिळावे लागते, अशी अनेकांची समजूत झाली आहे. इस्लामी शिकवण मात्र या दोहोंपैकी एक निवडायला सांगत नाही.

प्रथम त्या तरुणाच्या बाजूने जे आहे ते मान्य केले पाहिजे. सूरह निसामध्ये (४:४) अल्लाहने पुरुषांना आदेश दिला आहे की, स्त्रियांना त्यांचे महर खुशीने द्यावे. देणे पुरुषाकडून आहे, मुलीच्या बापाकडून नाही. आपल्या देशात १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार हुंडा घेणे आणि देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. त्याच सूरहमध्ये (४:१३५) न्यायावर ठाम राहण्याचा, मग तो स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध जात असला तरीही, आदेश आहे. घरातील वडीलधाऱ्यांची चूक झाकून ठेवणे म्हणजे आदर, असे कुरआन शिकवीत नाही. जुलमी सत्ताधीशापुढे न्यायाची गोष्ट बोलणे याला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी श्रेष्ठ जिहाद म्हटले आहे. तेव्हा त्या तरुणाने बोलणे आवश्यकच होते. तो गप्प राहिला असता तर मीही त्याला दोष दिला असता.

मक्केच्या सरदारांची इच्छा काय होती? पैगंबरांनी (स.) आपल्या म्हणण्यात थोडी ढिलाई करावी, म्हणजे तेही थोडे नरमतील. सूरह कलममध्ये (६८:९) अल्लाहने त्यांचा हा डाव उघड केला आहे. समोरच्याची मर्जी राखण्यासाठी सत्यालाच मुरड घालणे, याला आपले उलमा ‘मुदाहनत’ म्हणतात आणि ती निषिद्ध आहे. सत्य तसेच ठेवून वागण्या-बोलण्यात सौम्यता राखणे, याला ‘मुदारात’ म्हणतात आणि ती ईमानवंतांची रीत आहे. दोन्ही बाहेरून सारख्या दिसतात, म्हणून गल्लत होते. मुदाहनत करणारा दीन देऊन आपला फायदा राखतो, तर मुदारात करणारा आपला अहंकार बाजूला ठेवून दीन राखतो.

आता दुसरी बाजू पाहू. मी त्या तरुणाला म्हटले, “बेटा, तुझ्या लिहिण्यात दोन गोष्टी होत्या. एक हुंड्याविषयी आणि दुसरी बडे अब्बांच्या ईमानाविषयी. पहिली तुला ठाऊक होती. दुसरी तुला कोणी सांगितली?”

तो काही बोलला नाही.

एका लढाईत हजरत उसामा बिन जैद (र.) यांच्यासमोर आलेल्या शत्रूने ऐन वेळी कलमा उच्चारला. त्याने तो केवळ जीव वाचवण्यासाठी उच्चारला असे समजून हजरत उसामांनी (र.) त्याला ठार केले. हे कळताच पैगंबरांना (स.) अत्यंत दुःख झाले. तू त्याचे काळीज चिरून पाहिले होतेस काय, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी विचारला. उसामा (र.) त्यांना अतिशय प्रिय होते, तरीही त्यांनी तो पुन्हा पुन्हा सुनावला. रणांगणावरील शत्रूच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याचा अधिकार जर एका सहाबींना नव्हता, तर ज्यांच्या खांद्यावर बसून आपण ईदगाहला गेलो, त्या चुलत्यांच्या अंतःकरणाचा निवाडा आपण कोणत्या अधिकाराने करतो? कृतीला चूक म्हणणे हे आपले काम आहे. माणसाला मुनाफिक ठरवणे हे अल्लाहचे काम आहे. ही मर्यादा ओलांडली की आपल्या तोंडी सत्याबरोबर असत्यही मिसळते, आणि आपण मात्र स्वतःला स्पष्टवक्ते समजत राहतो.

कुरआनने सूरह अहजाबमध्ये (३३:७०) ईमानवंतांना अल्लाहचे भय बाळगून सरळ, नेमके बोलण्यास सांगितले आहे. त्याच कुरआनमध्ये सूरह ताहाचा तो प्रसंग आहे (२०:४३-४४). हजरत मूसा (अ.) आणि हजरत हारून (अ.) यांना फिरऔनकडे पाठवताना अल्लाहने आज्ञा केली की त्याच्याशी मृदूपणे बोला, कदाचित तो बोध घेईल किंवा भय बाळगेल. थोडा विचार करा. फिरऔन काय करणार आहे हे अल्लाहला ठाऊक होते. तरीही पैगंबरांना जी भाषा शिकवली ती मृदू होती. आणि निरोप? तो जराही सौम्य केलेला नव्हता. बनी इस्राईलना सोडून दे, हीच मागणी होती. मजकूर पूर्ण, स्वर मृदू. आपण मूसांपेक्षा (अ.) श्रेष्ठ नाही आणि आपल्या घरातील वडीलधारी मंडळी फिरऔनपेक्षा वाईट नाहीत.

मावळातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. येथे भाताची शेती आहे. पावसाळ्यात डोंगरावरून पाणी येते, पण भात पिकतो तो खाचराला बांध असतो म्हणून. बांध फुटला तर तेच पाणी माती घेऊन इंद्रायणीला जाऊन मिळते. आणि पाऊसच पडला नाही, तर नुसत्या बांधाने एक लोंबीही पिकत नाही. सत्य हे पाणी आहे आणि सौजन्य हा बांध आहे. सत्याविना गोड बोलणे हा कोरडा बांध, तर सौजन्याविना सत्य हा फुटलेला बांध.

पैगंबरांच्या (स.) सहवासात मतभेद कसे मांडले जात, हेही पाहण्यासारखे आहे. हिजरी सन २ मध्ये बद्रच्या प्रसंगी तळ कोठे द्यावा हे ठरत होते. सीरतच्या ग्रंथांत नोंद आहे की, निवडलेली जागा हजरत हुबाब बिन मुंजिर (र.) यांना योग्य वाटली नाही. त्यांनी प्रथम विचारले की, ही जागा अल्लाहच्या आदेशाने निवडली आहे की हा युद्धाच्या डावपेचाचा विचार आहे? डावपेच असल्याचे कळल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितले की ही जागा योग्य नाही. शत्रूच्या बाजूच्या विहिरीपर्यंत पुढे जावे. पैगंबरांनी (स.) ते मान्य केले. हुबाब (र.) यांनी आधी प्रश्न विचारला आणि मग मत दिले. आपण आधी निकाल देतो आणि मग, वेळ उरलाच तर, माहिती विचारतो.

पुढच्याच वर्षी उहुदला मोर्चावरील तिरंदाजांनी स्पष्ट आदेश असताना जागा सोडली आणि त्याची किंमत सर्वांना मोजावी लागली. सत्तर सहाबी शहीद झाले आणि स्वतः पैगंबर (स.) जखमी झाले. कठोर बोलण्याचे याहून मोठे कारण कोणते? त्या पार्श्वभूमीवर सूरह आले इम्रानमध्ये (३:१५९) अल्लाहने म्हटले की, तुम्ही त्यांच्याशी मृदू राहिलात ही अल्लाहचीच कृपा आहे. तुम्ही कठोर असता तर हे लोक तुमच्याभोवतून पांगले असते. आणि लगेच आदेश दिला की त्यांना माफ करा व कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहा. प्रत्यक्ष पैगंबर बोलत असतील, तरीही कठोरपणाने माणसे पांगतात, असे हे वचन सांगते. मग आपली काय कथा?

हजरत मुआविया बिन हकम (र.) नवीनच मुस्लिम झाले होते. जमातच्या नमाजमध्ये कोणी शिंकले आणि ते मोठ्याने दुआ देऊन बसले. आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे रोखून पाहू लागले. नमाज संपल्यावर पैगंबरांनी (स.) त्यांना दरडावले नाही, मारले नाही की वाईट बोलले नाही. नमाजमध्ये माणसांचे बोलणे योग्य नाही, ती तस्बीह, तकबीर आणि कुरआनपठणासाठी आहे, एवढेच सांगितले. चूक ती चूकच राहिली, परंतु चुकणारा माणूस दुरावला नाही. असा उत्तम शिक्षक मी आधी वा नंतर पाहिला नाही, अशी ग्वाही त्यांनीच पुढे दिली.

नसीहत कोठे करावी, हेही दीनने शिकवले आहे. इमाम शाफई (र.अ.) यांची प्रसिद्ध शिकवण आहे की, आपल्या भावाला एकांतात समजावणे ही नसीहत होय आणि चारचौघांत समजावणे ही त्याची बेअब्रू होय. पूर्वी चारचौघे म्हणजे खरोखरच चार माणसे असत. आज हातातल्या यंत्रावर एक बोट ठेवले की पन्नास माणसे जमा होतात. समोर चेहरा नसतो, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलेले दिसत नाही. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले पुन्हा पुन्हा वाचले जाते. म्हणून लिहिण्याच्या बाबतीत अधिक सावध राहिले पाहिजे.

मात्र एक गोष्ट ऐकणाऱ्यांसाठीही आहे, विशेषतः आम्हा वयस्करांसाठी. हजरत उमर (र.) यांना एका माणसाने भर सभेत अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले. कोणी त्याला अडवू लागताच हजरत उमर (र.) म्हणाले की त्याला बोलू द्या. तुम्ही हे बोलला नाहीत तर तुमच्यात भलाई नाही आणि आम्ही ऐकले नाही तर आमच्यात भलाई नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. बोलणाऱ्याने स्वर सांभाळावा हे खरे. पण ऐकणाऱ्याने स्वराचे निमित्त करून सत्य टाळू नये. ‘लहान तोंडी मोठा घास’ म्हणून मुलांना गप्प केले की ती घरात बोलेनाशी होतात आणि मग बाहेर ओरडतात.

तो तरुण दोन दिवस विचार करत राहिला. मग इशाच्या नमाजनंतर एकटाच बडे अब्बांकडे गेला. पुढचे त्यानेच मला सांगितले. त्याने प्रथम त्या एका शब्दाची माफी मागितली, आणि ज्या पन्नास-साठ लोकांपुढे तो लिहिला त्यांच्यापुढेच तो मागे घेतला. मग मूळ मुद्द्यावर आला. “बडे अब्बा, माझा शब्द चुकला. पण मोटारसायकल देणे मला आजही चूक वाटते. तुम्ही ही यादी का मान्य केलीत ते मला सांगाल का?”

हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता. बडे अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुझ्या आपाचे पहिले स्थळ असेच एका यादीवरून मोडले होते. ती वर्षभर कोणाशी बोलली नाही. या पोरीचे तसे होऊ नये म्हणून मी मान हलवली. हे तू मला एकट्याला विचारले असतेस, तर तेव्हाच सांगितले असते.”

पुढच्या आठवड्यात ते स्वतः वरपक्षाकडे गेले. मोटारसायकल यादीतून निघाली. कपाट आणि भांडीकुंडी राहिली. त्या तरुणाला हवे होते ते सगळे झाले नाही आणि उरलेल्या गोष्टीही त्याने बरोबर मानलेल्या नाहीत. पण आता हे तो त्यांच्या घरी बसून, त्यांच्या हातचा चहा पीत सांगतो.

बंधू-भगिनींनो, बोलण्यापूर्वी वा लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला याची सुधारणा हवी आहे की याची मान खाली गेलेली पाहायची आहे? मी जे म्हणतो आहे त्यातले मला माहीत काय आणि माझा तर्क काय? आणि हेच मी त्याच्यासमोर, एकांतात, त्याच्या डोळ्यांकडे पाहून म्हणू शकेन का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर न घाबरता बोलावे आणि पूर्ण बोलावे. नसतील तर थांबावे. जो अल्लाहवर आणि अंतिम दिनावर ईमान बाळगतो त्याने भले बोलावे अथवा गप्प राहावे, हीच पैगंबरांची (स.) शिकवण आहे.

हे अल्लाह! आम्हाला सत्य बोलण्याचे धैर्य दे आणि ते बोलताना आमच्या जिभेला व लेखणीला मार्दव दे. आमच्याकडून दुखावल्या गेलेल्या माणसांची माफी मागण्याची आम्हाला सद्बुद्धी दे, आणि सत्य आमच्याच विरुद्ध असेल तेव्हा ते ऐकून घेण्याएवढे आमचे अंतःकरण विशाल कर. आमीन.